यंत्राचा डोळा आणि बयजाक्काचा हात

एका जंगलात, पोरांनो, डॉक्टर सोडून सगळं होतं. नदी होती. नदीत मगर होती. मगरीला दात होते. फक्त ते दुखायला लागले की उपटायला कुणी नव्हतं.

दुखणं आलं की जनावरं पाला चघळायची. दुखणं गेलं तर पाल्याचा गुण. नाही गेलं तर जनावराचं नशीब. मरणाची काळजी तिथं कुणी करत नसे, ते आपलं आपण व्हायचं. जन्माची मात्र कुणीतरी करावी लागे. त्यासाठी बयजाक्का होती.

बयजाक्का म्हणजे काळ्या तोंडाची वानरीण. वय किती, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तोंडात चार दात उरले होते आणि चौघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पण हात बघावेत तिचे. लांब, सुरकुतलेले, उन्हात ठेवलेल्या पितळी तांब्यासारखे कोमट. पोटुशीच्या पोटावर नुसता ठेवला, की आतलं पोर कुठं डोकं करून निजलंय ते तिला कळायचं.

निम्मं जंगल तिच्या हातात पडलेलं. आणि तिला सगळं आठवायचं, ही जंगलाची मोठी पंचाईत. एखादं तरणंबांड सांबर शिंगं मिरवत चाललं, की ती फांदीवरून म्हणायची, "काय रे, तूच ना तो? चैतातला. उभा राहताना चारदा तोंडावर पडलास, नि पाचव्यांदा माझ्या अंगावर." सांबराचा रुबाब तिथल्या तिथं गळायचा.

एकच बाळंतपण ती कधी कुणापुढं काढत नसे. मखमलचं पहिलं.

मखमल ही साळिंदरीण. हसू नका. साळिंदराचं पोर जन्मतं तेव्हा त्याचे काटे मऊ असतात. बापानं लाडानं पाठीवर हात फिरवला आणि नाव ठेवलं मखमल. आठवड्यानं पुन्हा हात फिरवला, तेव्हा नाव बदलायची वेळ निघून गेली होती.

तर या मखमलचं पहिलं पोर पोटात आडवं आलं. बयजाक्कानं वळवू पाहिलं. मखमल वाचली, पोर नाही वाचलं. मखमलनं तिला बोल लावला नाही. तिची सासू धुरपदाबाई, जी एरवी वाऱ्याशीसुद्धा भांडायची, तिनंही लावला नाही. बयजाक्का आठ दिवस झाडावरून खाली उतरली नाही. आपण कुठं चुकलो, एवढंच तिला कळत नव्हतं. आणि विचारावं असं वरचं कुणी नव्हतं.

आता मखमलला पुन्हा दिवस गेले होते. पाणवठ्यावर भेटली की मान खाली घालून विचारायची, "आक्का, या खेपेला सरळ आहे ना?"

"अजून लहान आहे ते. आत कोलांट्या मारतंय," बयजाक्का म्हणायची. पण घरी जाताना तिचे हात गार पडायचे.

अशात एक दिवस दवंडी आली. सिंह महाराज परमुलखाचा दौरा करून परतले होते. तिथल्या राजानं त्यांना एक पडदा दाखवला होता. त्या पडद्यात डॉक्टर राहायचा. राजा म्हणाला होता, "फार सोयीचा आहे. खायला मागत नाही, राहायला जागा मागत नाही, आणि बदली तर मागतच नाही."

महाराजांना तो डॉक्टर फार आवडला. आले ते पडदाच घेऊन आले, आणि त्याची एक योजनाही केली. 'महाराज माता-बालक दूरतपासणी योजना' असं तिचं नाव. टेलिमेडिसिन, असंही तिला म्हणत, पण ते म्हणताना जंगलात सगळ्यांच्या जिभेला गाठ पडायची. म्हणून जनावरं तिला पडद्यातला दवाखाना म्हणू लागली.

दवाखाना एका बेहड्याच्या झाडाखाली मांडला. खोडाला पडदा. पडद्याच्या डोक्यावर यंत्राचा एक डोळा, बोराएवढा. समोर पांढरीशुभ्र गादी. शेजारी उन्हावर चालणारी पाटी. देखरेखीला पिसारे साहेब. पिसारे साहेब म्हणजे मोर. योजनेत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण योजनेपुढं उभं कसं राहायचं हे त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

उद्घाटनाला त्यांनी भाषण केलं आणि पिसारा फुलवला. पिसाऱ्यामागं पडदा झाकला गेला, त्यामुळं योजना कुणाला दिसली नाही. टाळ्या मात्र पडल्या.

सगळ्यांत जास्त आनंद झाला बयजाक्काला. सुईण आहे, तिच्या पोटावर पाय येणार, ती चिडेल, असं लोकांना वाटलं होतं. ती पहाटेपासून आंघोळ करून बेहड्याखाली बसली होती. तिला वाटलं, आता कुणीतरी शहाणं आलं. आता विचारता येईल.

"साहेब, माझं काम काय?" तिनं विचारलं.

"तू सेविका. हे बटण दाबायचं. पडदा उजळला की बाजूला व्हायचं."

"आणि तपासायचं कसं?"

"तपासणी वरून होणार. तू हात लावायचा नाही. नियम आहे."

"नुसता पोटावर ठेवला तर?"

"ठेवायचा नाही. हात मागं बांधून उभं राहायचं."

बयजाक्कानं हात मागं बांधले. वानराला हात मागं बांधून उभं राहणं किती अवघड असतं, ते तुम्ही कधी करून बघा. दोनदा ती तोल जाऊन पडली.

पडद्यात आल्या डॉक्टर पाणथळे. लांबच्या मोठ्या तळ्याकाठी त्यांचं ऑफिस. बाई हुशार, बोलायला गोड, जातीच्या बदक. त्या तळ्याकाठी सगळे पक्षीच. योजनेचा फॉर्म त्या पक्ष्यांनीच बनवलेला. त्रेचाळीस रकाने, आणि सगळे अंड्यांचे.

पहिली आली सशीण.

"अंडी किती?" डॉक्टरांनी विचारलं.

सशिणीनं बयजाक्काकडं पाहिलं. बयजाक्का म्हणाली, "पोटात पोरं आहेत, बाई. हात न लावता सांगते, पाच तरी असतील."

"पाच. कवच टणक आहे का?"

"कवच कसलं?"

"म्हणजे नाही. शिंपले चघळायला द्या. आणि अंड्यांवर रोज किती वेळ बसता?"

"बसत नाही," सशीण घाबरून म्हणाली.

"बसायला हवं. ऊब मोडू देऊ नका. पुढची माता."

सशिणीनं शिंपला चघळला, तर पुढचा दात हलायला लागला. उबेचं म्हणाल तर तिच्याकडं अंडी नव्हती, पण वरून आलेला सल्ला वाया जाऊ नये म्हणून ती नवऱ्यावर बसली. नवरा चार दिवस कुठं उंडारायला गेला नाही. आळीतल्या बाकीच्या सशिणी म्हणाल्या, दवाखान्याचा गुण आहे हं.

आता त्या डोळ्याचं सांगते.

तो डोळा सगळ्यांत आधी खटकला धुरपदाबाईला. सुनेला घेऊन ती पहिल्या तपासणीला आली, गादीसमोर उभी राहिली, आणि डोळ्याकडं बघत बसली.

"पापणी लवत नाही मेल्याची," ती म्हणाली.

"यंत्र आहे ते, धुरपदे," बयजाक्का म्हणाली.

"यंत्र असो नाहीतर यंत्राचा बाप असो. पोटुशीच्या पोटाकडं असं टक लावून बघतं का कुणी? दृष्ट लागल नाही?"

"मग तीट लाव."

"कुणाला लावू? लेकरू तर आत आहे."

दोघी विचारात पडल्या. दृष्ट लागू नये म्हणून लेकराला काजळाची तीट लावतात, हे सगळं जग जाणतं. पण लेकरू अजून बाहेरच आलं नाही तर? धुरपदाबाईनं बराच विचार केला आणि मग कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली.

"बघणाराच एक आहे ना? मग त्यालाच लावते." आणि तिनं यंत्राच्या डोळ्यावर बोटभर काजळ ओढलं.

बयजाक्कालाही ते पटलं. सासवांना तर फारच पटलं. त्या दिवसापासून जी सासू सून घेऊन यायची, ती आधी डोळ्याला बोट लावायची आणि मग सुनेला गादीवर निजवायची. पंधरा दिवसांत डोळ्यावर काजळाचं असं पुट चढलं, की नेमका डोळा कुठं आहे हे सासवांना चाचपून बघावं लागे.

आणि गंमत बघा, काहीच बिघडलं नाही. पडदा उजळायचा. डॉक्टर पाणथळे दिसायच्या. "अंडी किती?" विचारायच्या. त्रेचाळीस रकाने भरायच्या. "पुढची माता," म्हणायच्या. पिसारे साहेब दर आठवड्याला महाराजांना कळवायचे, की योजना जोरात आहे, एकाही मातेची तक्रार नाही. तक्रारीचा रकानाच नव्हता.

बयजाक्का वाट बघत होती. रोज मनात म्हणायची, आज विचारीन. एक दिवस गर्दी कमी होती. तिनं धीर केला.

"डॉक्टरीणबाई, एक विचारू? पोर आडवं आलं तर वळवायचं कसं?"

डॉक्टरांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. "तो रकाना नाही, आक्का."

"रकान्याचं नव्हे, तुम्हांला विचारते."

"मला या फॉर्मबाहेरचं बोलता येत नाही. दिवसाला साठ माता संपवायच्या असतात. पुढची माता."

बयजाक्का बाजूला झाली. पडद्यात शहाणं माणूस आहे खरं, तिला वाटलं, पण ते फॉर्मच्या मागं राहतं.

इकडं मखमलचं पोट वाढत होतं. शेवटच्या आठवड्यात बयजाक्काला ते लांबूनच दिसलं. पोट खाली उतरायचं सोडून दोन्ही बाजूंना पसरलं होतं, आडव्या ठेवलेल्या पोत्यासारखं. तिनं हात मागं बांधलेलेच ठेवले. पण हातांना कळलं होतं.

नेमक्या त्याच सुमाराला महाराज दवाखाना बघायला येणार असं ठरलं.

त्या दिवशी सकाळपासून बेहड्याला तोरण. गादी पुन्हा धुतलेली. पिसारे साहेबांनी एकेक पीस चोचीनं विंचरलेलं. आणि ऊन जरा वर आलं, तोच धुरपदाबाई मखमलला धरून आली. मखमलला कळा सुरू झाल्या होत्या.

पिसारे साहेब आडवे आले. "आज नाही. आज फक्त निरोगी माता दाखवायच्या आहेत."

"साहेब," धुरपदाबाई म्हणाली, "कळा काय तुमच्या पाहुण्यांना विचारून येतात?"

"उद्या आणा. उद्या पूर्ण लक्ष देऊ."

"उद्यापर्यंत ही राहील का?" बयजाक्कानं विचारलं. हळूच विचारलं. पण असं विचारलं, की साहेबांची मान आखडली.

"बरं, झोपवा," ते म्हणाले. "पण उताणं झोपवा. पोट डोळ्यासमोर आलं पाहिजे. महाराज आले तर चित्र नीट दिसायला हवं."

"साहेब, ती साळिंदरीण आहे."

"नियम सगळ्यांना सारखा."

मखमलला उताणं झोपवलं. व्हायचं तेच झालं. पाठीचे शंभर काटे गादीत असे रुतले, की ती गादीला आणि गादी तिला शिवल्यासारखी झाली. कूस बदलायला गेली, तर गादीही कूस बदलायला लागली.

बयजाक्कानं बटण दाबलं. पडदा उजळला.

"अंडी किती?" डॉक्टर पाणथळे म्हणाल्या.

"अंडी नाहीत, बाई. पोर आहे, आडवं आहे, आणि कळा सुरू आहेत."

"आधी अंडी सांगा. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"एक," धुरपदाबाई ओरडली. "एक लिव्हा आणि उघडा तुमचं पान."

"कवच?"

मखमल कण्हली. ते कण्हणं पडद्यातून पलीकडं गेलं असावं. कारण डॉक्टर थांबल्या. त्यांनी फॉर्म खाली ठेवला.

"हा आवाज कुणाचा?"

"हिचाच. तुमच्यासमोर आहे की," बयजाक्का म्हणाली. "बघा ना पोट. दिसत नाही का?"

डॉक्टरांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आक्का, खरं सांगू? मला काहीच दिसत नाही."

"आज दिसत नाही?"

"कधीच दिसलं नाही. पहिले चार-दोन दिवस सोडले तर सगळा अंधारच आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमचं जंगल फार घनदाट असेल."

बयजाक्कानं यंत्राच्या डोळ्याकडं पाहिलं. धुरपदाबाईनं आपल्या बोटाकडं पाहिलं. मग ते बोट तिनं अंगामागं लपवलं. काजळ पुसायला हवं होतं, पण वीस सासवांचं काजळ, एरंडेलात खललेलं. ते काय एका पुसण्यानं जातंय? आणि पुसायला वेळ कुणाला होता? मखमलला पुढची कळ आली होती.

बयजाक्का पुढं झाली. तिनं पाठीमागची बोटं सोडवली.

"हात," पिसारे साहेब म्हणाले. "बयजाक्का, हात."

तिनं मखमलच्या पोटावर दोन्ही हात ठेवले.

"नियम मोडतेस. मी नोटीस काढीन. धुरपदाबाई, हिला बाजूला करा."

धुरपदाबाईनं बाजूला कुणाला करायचं ते ठरवलं. साळिंदर चिडलं की तोंड नाही करत, पाठ करतं. तिनं पिसारे साहेबांकडं पाठ केली, शेपटीचे काटे खुळखुळ्यासारखे वाजवले आणि उलट्या पावलांनी चालायला लागली. साहेब दोन पावलं मागं सरले. तीही सरली. साहेब चार पावलं सरले. तीही. शेवटी साहेबांनी भुर्रकन झेप घेतली आणि बेहड्याच्या फांदीवर बसले. पिसारा खाली लोंबत राहिला. तोरणात तोही शोभून दिसला.

खाली बयजाक्का पडद्याला म्हणाली, "डॉक्टरीणबाई, डोळे नाहीत तर नाहीत. हात आहेत. मी सांगते, तुम्ही ऐका. डोकं डाव्या कुशीला. बूड उजव्या कुशीला. पाठ खाली."

"हातानं एवढं कळतं?"

"मला कळतं. पुढं काय करायचं ते कळत नाही. मागच्या खेपेला इथंच चुकलं. तुमचा रकाना नाही हे ठाऊक आहे. रकान्याबाहेरचं सांगा."

डॉक्टर पाणथळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग पंखानं खुर्ची पुढं ओढली आणि अगदी जवळ आल्या. पडदाभर नुसती चोच दिसू लागली.

"आमच्यात अंडं अडतं कधीकधी," त्या म्हणाल्या. "माझंच अडलं होतं, पहिल्या वेळी. माझी आई होती जवळ. ती कळ आली की पंख काढून घ्यायची. कळ ओसरली की ठेवायची. म्हणायची, कळ आली की पोट दगड होतं, दगडाशी कुस्ती करू नये. मधे मऊ होतं, तेव्हा जागा असते. तेवढ्यात बोटभर सरकवायचं. मग पुन्हा थांबायचं."

बयजाक्काचे हात क्षणभर तसेच राहिले. मागच्या खेपेला तिनं कळ चालू असताना जोर लावला होता. कळ वाया जाऊ नये म्हणून. इतकी वर्षं जे शोधत होती ते एवढंसं होतं.

"मागच्या खेपेला हे कुणी सांगितलं असतं तर," ती पुटपुटली.

"मागच्या खेपेला मी तळ्यात होते, आक्का. आता इथं आहे. कळ ओसरली का?"

"ओसरली."

"मग सरकवा. आणि तिला उताणं का निजवलंय? कुशीवर घ्या."

"गादी चिकटलीय तिला."

"मग गादीसकट घ्या."

धुरपदाबाईनं गादीची दोन टोकं धरली आणि सून गादीसकट कुशीवर आली. पाठीवर गादी बांधलेल्या तट्टासारखी दिसत होती. मखमलला तसल्यातही हसू आलं. हसली तशी पोटाची ओढ सैल झाली, आणि बयजाक्काला आणखी बोटभर जागा मिळाली.

"काय झालं? कोण हसलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाळंतीण."

"हसू द्या. आणखी काही हसण्यासारखं आहे का तिकडं?"

"आहे. साहेब झाडावर आहेत."

मखमल पुन्हा हसली. मग कळ आली. बयजाक्कानं हात काढले. डॉक्टर पलीकडं हळू आवाजात आकडे मोजत होत्या. कळ ओसरली. हात पुन्हा पोटावर. असं किती वेळा झालं ते कुणी मोजलं नाही. एवढं खरं, की ऊन बेहड्याच्या शेंड्यावर आलं आणि बयजाक्काच्या तळहाताखाली एक वाटोळं डोकं डावीकडून निघून खाली जाऊन बसलं.

"बसलं," ती म्हणाली.

"कुठं?"

"जिथं बसायला हवं तिथं."

पुढचं काम तिला कुणी शिकवायला नको होतं. पोर आलं. आधी गप्प होतं. बयजाक्कानं त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली. ते शिंकलं. मग रडलं.

पडद्यात डॉक्टर पाणथळ्यांनी पंखात तोंड लपवलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी फॉर्म उचलला आणि रकाने भरले. अंडी, एक. कवच, काटेरी. प्रकृती, उत्तम.

तेवढ्यात तुताऱ्या वाजल्या. महाराज आले.

पिसारे साहेब फांदीवरून उतरले, पिसारा झटकला आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले. पोर रडतंय, आई हसतेय, आईच्या पाठीला गादी लागलीय, असं सगळं महाराजांनी पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"यंत्रानं, महाराज," साहेब म्हणाले. "माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. वरून."

ते खोटं नव्हतं. ते वरच होते.

"आणि ही गादी?"

"फिरती गादी, महाराज. माता जाईल तिथं गादी जाते."

महाराजांनी मान डोलावली. मग ते यंत्राजवळ गेले आणि डोळ्यावरचं काजळ नखानं खरवडून पाहिलं. "हे काळं काय?"

धुरपदाबाई पोराकडं बघू लागली. साहेब मात्र घाबरले नाहीत. असा प्रश्न आला की ज्याला उत्तर ठाऊक नसतं तोच लवकर उत्तर देतो. "सुधारणा, महाराज. आपल्या हवामानासाठी खास."

"वा. मग सगळ्या दवाखान्यांना लावा."

महाराजांनी यंत्राच्या गळ्यात हार घातला. यंत्राला गळा नव्हता, म्हणून हार पाटीला अडकवला. लगेच ऊन अडलं आणि पडदा विझला. विझता विझता डॉक्टर पाणथळ्यांचा आवाज आला, "आक्का, पोरामागची वार पूर्ण पडली का ते बघा." बयजाक्का बघतच होती.

आठवड्यानं दोन कागद आले. एक यंत्राच्या नावाचा, शाबासकीचा. दुसरा बयजाक्काच्या नावाचा, नोटीस. 'मनाई असताना हात का लावला, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत द्यावा.'

बयजाक्काला लिहिता येत नव्हतं. ती बेहड्याखाली आली आणि पिसारे साहेबांना म्हणाली, "साहेब, तुमचं अक्षर चांगलं आहे. मी सांगते, तुम्ही लिहा."

साहेबांचं अक्षर खरंच चांगलं होतं. त्यांनी पीस शाईत बुडवलं.

"लिहा. मी पुष्कळ वाट बघितली. पण पोर काही पडद्यातून बाहेर येईना. आईतूनच यायला लागलं. म्हणून हात लावला. पुढच्या खेपेला पडद्यातून आलं, तर मी हात मागं बांधून उभी राहीन, आणि तुम्ही झेला."

साहेबांनी सगळं लिहिलं. 'झेला'पाशी आल्यावर पीस थांबलं. त्यांनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा आपल्या पंखांकडं पाहिलं. मग तो कागद न पाठवता त्यांनी फाइलीत सगळ्यांत तळाशी घातला.

बाहेर एक भेकरीण कण्हत उभी होती. बयजाक्कानं बटण दाबलं आणि हात पुढं घेतले. साहेबांनी ते पाहिलं. त्यांना अचानक झाडावर काहीतरी काम आठवलं.

तात्पर्य: पोरांनो, तुम्ही जन्मलात, म्हणजे झालं ते झालं. पण पुढच्यांना सांगून ठेवा. यायचं असेल तर आधी ऊन आहे का आणि रेंज आहे का बघावं. फॉर्ममध्ये आपला रकाना आहे का बघावं. साहेबांचं भाषण संपू द्यावं. मग डोकं खाली करून, नियमानं, आपलं आपण यावं. एवढी समज ज्याला असेल त्याला ना डॉक्टर लागत, ना सुईण. ज्याला नसेल त्याच्यासाठी दोघी जवळ असाव्यात. एक पडद्यात, शाबासकी कुणाला द्यायची ते कळावं म्हणून. आणि एक पडद्याबाहेर, नोटीस कुणाला द्यायची ते कळावं म्हणून.